ब्रिगेडियर मुलाची अंदमानची बदली

कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव आणि गाव देत नाही. पत्र थोडं कमी करून छापतो आहे.

"कर्नल साहेब, राम राम. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा पेन्शनर. १९७१ला जमालपूरकडून टांगाईलच्या वाटेवर होतो. थोरला मुलगा साताऱ्याचं सैनिक स्कूल आणि खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) करून आमच्याच रेजिमेंटमध्ये अफसर झाला. आता ब्रिगेडियर आहे. ब्रिगेडची कमांड चांगली झाली. पुढे त्यावरची डिव्हिजन मिळेल या आशेवर आम्ही होतो, तोच त्याची बदली अंदमानला, तिन्ही दलांच्या मुख्यालयात झाली. वरचा साहेब नेव्हीचा, हाताखाली नेव्ही आणि एअर फोर्सचीही माणसं. पारावर लोक विचारतात, ब्रिगेडियर साहेबांना साइडला टाकलं का? मी मुलाला म्हणालो, दिल्लीत कोणी ओळखीचा असेल तर बोल, ऑर्डर बदलून घे. तो म्हणाला, 'तात्या, ही पोस्टिंग मीच मागितली होती.' मी रागाने फोन ठेवला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, सूनबाई तेवढी फोन करते. जहाजावरच्या माणसाला पलटणीची इज्जत काय कळणार, आणि माझ्या पोराला जहाजातलं काय कळणार? नातू सैनिक स्कूलला बारावीत आहे. एनडीएच्या फॉर्मवर फक्त आर्मीच लिही, असं त्याला सांगू का?"

सुभेदार साहेब, राम राम.

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या मुलाला कोणी साइडला टाकलेलं नाही, आणि ही पोस्टिंग त्याने मागून घेतली याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा. आज संध्याकाळी त्याला फोन करा. सूनबाईंमार्फत निरोप नको, थेट त्यालाच. पण तुम्ही हुकुमामागचं कारण समजून घेऊन काम केलेले जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) आहात, कारण पटल्याशिवाय तुमचा हात फोनकडे जाणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्याच लढाईपासून करू. ११ डिसेंबर १९७१ला दुपार कलल्यावर टांगाईलजवळ दुसऱ्या पॅरा (छत्रीधारी) बटालियनचे सुमारे ७०० जवान हवाई दलाच्या विमानांतून खाली उतरले. ढाक्याकडे मागे सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची म्हणून त्यांनी पुंगलीचा पूल धरला. छत्रीतून उतरलेल्या सैनिकाजवळ दारूगोळा किती आणि शिधा किती असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. वेळेत येऊन मिळणारी पायदळाची पलटण हाच त्याचा आधार. जमालपूर घेऊन पहिली मराठा, आपली जंगी पलटण, खाली आली आणि दुसऱ्या दिवशी पुलावर पॅराला मिळाली. वैमानिकांनी माणसं चुकीच्या जागी टाकली असती, किंवा वाटेत पायदळ दोन दिवस अडकलं असतं, तर त्या पुलावर काय झालं असतं याचा विचार करा. त्या वाटेवर चालताना हवाई दलाशी आपला काही संबंध आहे असं जवानाला वाटलंही नसेल. वरच्या कमांडरला मात्र तोच हिशोब सतत करावा लागत होता. विमानं किती वाजता निघणार, माणसं कुठे पडणार, तिथवर आपले लोक कधी पोहोचणार.

आता तो हिशोब तेव्हा कसा चालायचा ते बघा. लष्कराची पूर्व कमांड कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये, हवाई दलाची शिलाँगला, नौदलाची विशाखापट्टणमला. लढाई एक आणि मुख्यालयं तीन गावांत. हवाई दलाला शेवटी फोर्ट विल्यममध्ये आपलं पुढचं मुख्यालय उघडावं लागलं. माणेकशा, पी. सी. लाल आणि एस. एम. नंदा हे तिन्ही प्रमुख खंबीर होते, तयारीला बरेच महिने मिळाले, आणि काम फत्ते झालं. माझं मत विचाराल तर त्या मोठ्या विजयाने आपल्याला एका समजुतीत अडकवलं. वर माणसं चांगली असली की तिन्ही दलं आपोआप जुळतात, असं आपण धरून चाललो.

सहाच वर्षं आधी जम्मूतल्या छांबला काय झालं होतं? १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कऱ्हाडचे म्हणून सगळ्या देशाला माहीत असलेले. लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग दुपारी त्यांच्याकडे आले, आणि विमानं वापरायची परवानगी यशवंतरावांनी काही मिनिटांत दिली. संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. म्हणजे वरून हुकुमाला उशीर झाला नाही. पण जमिनीवरच्या तुकड्यांना आणि वरच्या वैमानिकांना एकमेकांबरोबर काम करायचा सरावच नव्हता. त्या पहिल्या संध्याकाळी चार जुनी व्हॅम्पायर विमानं गेली, आणि आपल्याच विमानांच्या माऱ्यात आपलेही काही रणगाडे आणि गाड्या सापडल्या. रणगाड्यातला शूर होता, विमानातलाही शूर होता. शौर्य कुठेच कमी पडलं नाही, आणि म्हणूनच मला ती संध्याकाळ जास्त लागते.

कारगिलला १९९९मध्येही सुरुवातीचे दिवस असेच गेले. लष्कराला हल्ल्याची हेलिकॉप्टरं हवी होती. हवाई दलाचं म्हणणं होतं की एवढ्या उंचीवर, खांद्यावरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांपुढे ती टिकणार नाहीत, आणि विमानं वापरायची तर सरकारची परवानगी घ्या. हवाई हल्ले २६ मेला सुरू झाले. २८ मेला आपलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. पण असली चर्चा लढाई पेटल्यावर करायची नसते. ज्या कमांडरने हेलिकॉप्टरवाल्यांबरोबर आधी दोन वर्षं काढली आहेत, त्याला काय मागायचं आणि काय नाही हे मागण्याआधीच कळतं.

अमेरिकेनेही हा धडा महागात घेतला. एप्रिल १९८०मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेल्या मोहिमेत हेलिकॉप्टरं नौदलाची, ती चालवणारे बहुतेक मरीन, कमांडो लष्कराचे आणि वाहतुकीची विमानं हवाई दलाची होती. वाळवंटातूनच माघार घ्यावी लागली, आणि निघताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून ८ जण मेले. पुढे १९८६मध्ये त्यांच्या संसदेने गोल्डवॉटर-निकोल्स कायदा केला. त्यातली एक अट आपल्या कामाची आहे. संयुक्त नेमणुकीत काम केल्याशिवाय, काही अपवाद सोडता, तिथे जनरल किंवा अ‍ॅडमिरल होता येत नाही. अफसर लोक आधी अशा नेमणुकांना नाकं मुरडायचे. बढतीचं दार तिथूनच उघडतं म्हटल्यावर चांगले अफसर ती मागून घ्यायला लागले. आपल्याकडे असा कायदा नाही. कायदा नसताना तुमच्या मुलाने ती वाट धरली, हे लक्षात घ्या.

तुम्ही म्हणाल, पोरगा खडकवासल्याला तीन वर्षं नेव्ही आणि एअर फोर्सच्या पोरांबरोबर एकाच स्क्वाड्रनमध्ये राहिला, एका मेसमध्ये जेवला, आणखी काय शिकायचं? एनडीएचं मोल मी कमी करत नाही. जनरल नरवणे, अ‍ॅडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख होते, आणि तिघेही एनडीएच्या ५६व्या कोर्सचे. पण खडकवासला सुटलं की वाटा फुटतात. कोणी लष्कराच्या डेहराडूनला जातो, कोणी नौदलाच्या एझिमलाला, कोणी हवाई दलाच्या दुंडिगलला. मग बऱ्याच वर्षांनी वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात काही महिने भेट होते. तिथे नकाशावर लढाया होतात, मैत्री होते, एकमेकांचं बोलणं समजायला लागतं. पण दुसऱ्या दलाच्या माणसाला हुकूम द्यायचा, त्या हुकुमापायी त्याचा जीव धोक्यात जाणार हे ठाऊक असताना द्यायचा, आणि चुकलं तर जबाब आपण द्यायचा, हे वर्गात शिकता येत नाही. ते कमांडमध्येच शिकता येतं. तिन्ही दलं उद्या एका जनरलच्या हाताखाली लढणार असतील, तर त्या जनरलने ब्रिगेडियर किंवा मेजर जनरल असतानाच दुसऱ्या दलांची माणसं सांभाळलेली असली पाहिजेत. थेट लढाईच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.

आणि तो दिवस आता फार लांब नाही. आज देशात लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३ कमांड आहेत, प्रत्येकीची हद्द वेगळी, मुख्यालय वेगळं. चीनने २०१६मध्ये आपलं सैन्य ५ थिएटर कमांडमध्ये बांधलं, म्हणजे एका प्रदेशातली सगळी दलं एका कमांडरच्या हाताखाली दिली. आपल्याकडे जनरल बिपिन रावत १ जानेवारी २०२०ला पहिले सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) झाले तेव्हापासून थिएटर कमांडचं काम सुरू आहे. २०२३मध्ये मेजर आणि त्यांच्या बरोबरीच्या शंभरएक अफसरांना एका दलातून दुसऱ्या दलात धाडलं गेलं. वरच्या हुद्द्यावर मात्र तिन्ही दलं मिळून एक प्रदेश सांभाळण्याचा अनुभव देणारी जागा देशात एकच, अंदमान-निकोबार कमांड. कारगिलनंतर, २००१मध्ये ती उभी राहिली. जी जागा देशात एकच आहे, तिथे जाणारा माणूस बाजूला पडला असं कसं म्हणायचं?

या कमांडचे पहिले प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश. हा माणूस नौदलाचा, पण १९७१ला हवाई दलाच्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवलेला होता आणि हंटर विमान घेऊन पाकिस्तानात लढला. वीरचक्र मिळालं ते हवाई दलाच्या विमानात बसून. पुढे अंदमानची संयुक्त कमांड, आणि २००४मध्ये नौदलप्रमुख. दुसरं उदाहरण आपल्या नागपूरच्या जनरल मनोज पांडे यांचं. ते पायदळाचेही नाहीत, इंजिनिअर्सचे. २०२०-२१मध्ये अंदमान-निकोबार कमांडचे प्रमुख होते, तिथून पूर्व कमांड, आणि एप्रिल २०२२मध्ये लष्करप्रमुख. इंजिनिअर्स कोअरमधून त्या खुर्चीवर बसलेले ते पहिलेच. पारावर कोणी विचारलं तर ही दोन नावं सांगा. तुमचा मुलगाही तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. ब्रिगेडियरचा मेजर जनरल होताना जागा मोजक्या असतात आणि बढतीच्या बोर्डाची हमी कोणी देऊ शकत नाही, अंदमानला गेलेल्यालाही नाही आणि न गेलेल्यालाही नाही. पण बेटावर गेला म्हणजे गाडी चुकली, हे धादांत खोटं आहे.

आता तुमचा खरा सल. जहाजावरच्या माणसाला पलटणीची इज्जत काय कळणार? हा प्रश्न मी हलका धरत नाही. पलटण म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. आपल्या साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात स्मारकाच्या दगडावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचा आकडा आहे. आपल्या भागात असं गाव शोधायला लांब जावं लागत नाही. हे सगळं घेऊन आपला जवान लढतो, आणि त्याचा साहेब त्याच्या बोलीचा, त्याच्या देवाचा, त्याच्या आरोळीचा असावा लागतो. म्हणून माझंही ठाम मत आहे की कंपनी आणि बटालियन यांना कोणी हात लावू नये. जवानाने, कॅप्टनने, बटालियनच्या सीओने (कमांडिंग अफसराने) आपलंच काम हाडीमाशी मुरेपर्यंत करावं. तरुण अफसराला फार लवकर तिन्हीकडे फिरवलं तर तो कुठलाच राहत नाही. पण तुमचा मुलगा पंचवीसहून जास्त वर्षं पलटणीत मुरलेला आहे. त्याला आता दुसऱ्याचं काम शिकायला पाठवलं तर त्याचं पायदळ कुठे जात नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, ब्रिगेडियर झाल्यावर त्याच्या अंगावरून रेजिमेंटची लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची दोरी, गेली. १ ऑगस्ट २०२३पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अफसरांचा गणवेश एकसारखा झाला. टोपीवरचा बॅज, पट्टा, बूट, सगळं सारखं, मग तो मराठा असो, शीख असो की तोफखान्याचा. त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं असणार. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो. त्या हुद्द्यावर त्याच्या हाताखाली पाच-सहा रेजिमेंटची माणसं असतात, आणि त्यातल्या कोणालाही हा साहेब दुसऱ्यांचा आहे असं वाटता कामा नये. तोच विचार एक पायरी पुढे नेला की तुम्ही अंदमानला पोहोचता.

आणि पोराला जहाजातलं काय कळणार, हा तुमचा दुसरा सवाल. साताऱ्याच्या माणसाने तरी तो विचारू नये. थोरल्या शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांच्या हाती आरमारही होतं आणि किनाऱ्यावरचे किल्लेही. पाण्यावरची लढाई आणि तटावरची लढाई एकाच माणसाच्या डोक्यात चालायची, म्हणून त्यांच्या हयातीत ना सिद्दी, ना इंग्रज, ना पोर्तुगीज त्यांना मोडू शकले.

अंदमानला तुमचा मुलगा शिकेल काय, ते सांगतो. तिथे पायदळाला एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर जहाज किंवा विमान लागतंच. भरती-ओहोटीची वेळ चुकली की माणसं किनाऱ्यावर उतरत नाहीत. अगदी दक्षिणेचा इंदिरा पॉइंट सुमात्रापासून दोनशे किलोमीटरच्याही आत, आणि तिथून उत्तर टोक सातशे किलोमीटरहून लांब. मधल्या समुद्रातून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जगाचा व्यापार जातो. चेन्नई हजार किलोमीटरहून दूर, म्हणजे मदत मागितली तर ती विमानानेही तासांनी आणि जहाजाने दिवसांनी येणार. अशा जागी ब्रिगेडियरला हवामान, डिझेल, धावपट्टी आणि पाण्याची खोली यांचा विचार डोंगरातल्या चौकीइतकाच करावा लागतो.

शिवाय माणसांचा स्वभाव. प्रत्येक दलात कमांडची रीत वेगळी आहे. आपल्याकडे अफसर माणसांना घेऊन पुढे जातो. हवाई दलात लढायला बहुतेक अफसरच वर जातो आणि बाकीचे त्याचं विमान तयार ठेवतात. जहाजावर कॅप्टनपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे एकाच लोखंडात बसलेले, वाचले तर सगळे, बुडाले तर सगळे. म्हणून नौदलातली शिस्त, मोकळेपणा, हुकूम देण्याची पद्धत वेगळी असते. पायदळाचा माणूस हवाई दलाला सांगतो, मला दोन विमानं द्या. हवाई दलवाला म्हणतो, काम काय ते सांगा, विमानं किती आणि कुठली ते आम्ही ठरवू. हा हट्ट नाही. त्यांच्याकडे लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वाड्रन (तुकड्या), प्रत्यक्षात हातात तीसच्या आसपास. एवढ्याशा ताकदीची वाटणी करून ती प्रत्येक कमांडरच्या दारात बांधली तर ऐन गरजेच्या जागी काहीच उरणार नाही, ही त्यांची भीती रास्त आहे. थिएटर कमांडच्या चर्चेत हवाई दलाचा जो आक्षेप राहिला त्याचं मूळ इथेच आहे. पायदळाच्या ज्या जनरलने हवाई दलाच्या माणसांबरोबर रात्री काढल्या आहेत, त्याच्यावरच ते विश्वास टाकतील. तुमच्या मुलासारखे लोक तो विश्वास कमावायला गेले आहेत.

डिसेंबर २००४च्या सुनामीत कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. शंभराहून अधिक जवान आणि त्यांचे घरचे लोक वाहून गेले. तेव्हा अंदमान कमांड उभी राहून जेमतेम तीन वर्षं झाली होती. आपले लोक गेलेले असताना धावपट्टी चालू करायची, जहाजांनी पाणी आणि औषधं आणायची, आणि बेटाबेटांवर लष्कराच्या तुकड्या पोहोचवायच्या, हे काम तिन्ही दलांच्या लोकांनी केलं. सांगलीकरांनी ऑगस्ट २०१९च्या कृष्णेच्या पुरात याचा छोटा नमुना पाहिला आहे. लष्कर, नौदलाची पथकं, एनडीआरएफ असे सगळे एकाच पाण्यात होते. कोणती बोट कोणत्या गल्लीत जाणार हे एका जागेवरून ठरलं नाही तर एका घरापुढे तीन बोटी आणि दुसऱ्या घरापुढे एकही नाही, असं होतं. पारावरच्या मंडळींना हे उदाहरण लगेच पटेल.

"वरचा साहेब नेव्हीचा" याने तुम्हाला त्रास झाला. यात एक कायद्याची गोष्ट आहे, ती तुम्हाला जुने जेसीओ म्हणून आवडेल. लष्कराचा कायदा १९५०चा, हवाई दलाचाही १९५०चा, नौदलाचा १९५७चा. संयुक्त कमांडच्या प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या माणसावर शिस्तीची कारवाई करता येत नव्हती, माणसाला त्याच्या मूळ दलाकडे परत पाठवावं लागायचं. हुकूम द्यायचा पण शिस्त लावायचा अधिकार नाही, अशी कमांड कशी चालणार? २०२३मध्ये संसदेने आंतरदलीय संघटनांच्या कमांड, नियंत्रण आणि शिस्तीचा कायदा केला, १० मे २०२४पासून तो लागू झाला. आता संयुक्त संघटनेच्या प्रमुखाकडे तिथल्या सर्व दलांच्या माणसांबाबत शिस्तीचे आणि प्रशासनाचे अधिकार आहेत. प्रत्येकाच्या मूळ दलाच्या सेवाशर्ती मात्र तशाच राहतात. तुमचा मुलगा नेव्हीच्या साहेबाखाली असला तरी तो लष्कराचाच आहे, त्याची पेन्शन, त्याची रेजिमेंट, त्याचं बोर्ड, सगळं लष्कराचं. एसीआरची (वार्षिक गोपनीय अहवालाची) काळजी असेल तर तो एकट्याच्या हातात कधीच नसतो. एक लिहितो, दुसरा तपासतो, त्याच्याही वर कोणी पाहतो.

ओळख काढून ऑर्डर बदलून घेण्याचा विषय मात्र आजपासून बंद करा. बदलीसाठी बाहेरून शब्द टाकणं नियमाला धरून नाही, आणि टाकलेला शब्द अफसराच्या नावावर राहतो. तुमच्या मनात मायाच होती, हे मी जाणतो. पण तुमच्या मायेपायी पंचवीस वर्षांच्या स्वच्छ नावाला डाग लागू नये.

फोन केल्यावर माफीचं किंवा समजावणीचं लांबलचक बोलू नका, फौजी बापलेकांना ते जमत नाही. त्याला कामाचं विचारा. हाताखाली कोण आहेत, समुद्र कसा आहे, नेव्हीचा साहेब काय म्हणतो. टांगाईलच्या पुलाचं त्याला सांगा. जंगी पलटणीच्या माणसाने पुलावर वाट पाहणारे पॅराचे जवान कसे पाहिले, हे त्याला स्टाफ कॉलेजात कोणी सांगितलं नसेल, आणि त्याच्या आजच्या कामाला ते लागू आहे. जमलं तर हिवाळ्यात तुम्ही आणि वहिनी तिकडे जाऊन या. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, चेन्नईहून विमान आहे. पावसाळ्यात मात्र निघू नका. सूनबाईंना एकच विचारा, मुलाच्या बारावीमुळे त्या इथे थांबणार आहेत की तिकडे जाणार. थांबणार असतील तर घरचा भार तुम्ही उचला. अशा पोस्टिंगचं निम्मं ओझं घरातल्या बाईवर पडतं आणि त्याची नोंद कुठल्याच एसीआरमध्ये होत नाही.

राहिला नातू. फक्त आर्मी लिही, असं त्याला सांगू नका. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी प्रदीप नाईक २००९मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले, हे त्याला शाळेत कळलं असेलच. फॉर्मवर लष्कर, नौदल, हवाई दल आणि नौदल अकादमी असा पसंतीक्रम द्यायचा असतो, तो त्याचा त्याला भरू द्या. तुम्ही एवढंच बघा की हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. त्याला फ्लाइंग हवं असेल तर वैमानिक निवडीची संगणकावरची चाचणी पुन्हा पुन्हा देता येत नाही, त्यामुळे तयारीशिवाय तिला बसू नये. आणि फॉर्म भरण्याआधी साताऱ्यातल्या चांगल्या डॉक्टरकडून त्याचे डोळे तपासून घ्या.